आबांच्या पानावरची बिडी

९ सप्टें. ०६, शनि.
आज ह्यांना मागाच्या धोट्यात धागा ओवता आला नाही. धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वास आत ओढला की धागा आपसूक ओठाशी येतो. लग्न झाल्यापासून बघतेय, बोलता बोलता करायचे. आज दोनदा ओढला, खोकला आला, लूमला टेकून खालीच बसले. माझ्याकडं बघून हसले. मला नाही हसू आलं.

१२, मंगळ.
धामणकर नाक्यावरचे डॉक्टर. एक्स-रे उजेडाला धरला. छातीत पहाटेचं धुकं उतरल्यासारखं. मला मेलीला आधी छानच वाटलं ते. मग म्हणाले, "गेलंय ते परत येणार नाही. आजच बिडी सोडली तर उरलंय ते टिकेल."
हे म्हणतात, "सिगरेट न्हाय वढत, साहेब. बिडी हाय. झाडाचा पान."
"धूर तो धूरच. फुफ्फुसाला पान-कागद कळत नाही."
रिक्षात हे शर्टाच्या खिशावर हात ठेवून. नाका मागे पडला, तरी हात तिथंच.

१७, रवि.
म्हणतात, कमी केली. शर्ट धुताना कळतं किती ते.
दुपारी लूमच्या खडखडाटात डोळा लागला. स्वप्नात सासरे. कापसाची पिंज उडतेय सगळीकडं, मधोमध आबा बसलेत, हातात बिडी. माचिस नाही. "सूनबाय, काडी दे गो." माचिस माझ्या मुठीत. मी दिली नाही. आबा नुसते बघत राहिले आणि पिंज त्यांच्यावर बसत गेली...
खोकत खोकतच गेले आबा. तरी दर वर्षी पित्रांच्या पानावर बिडी ठेवतो आपण. आवडायची म्हणून. धन्य आहे आपली!

२२, शुक्र. सर्वपित्री.
सुट्टी. लूम बंद, गल्ली कशी पाण्याखाली गेल्यासारखी. वडे, खीर, अळू. बिडी मुद्दाम नाही वाढली.
"आबांची बिडी कुठं हाय?" ह्यांनी विचारलं.
"तिथं तरी सुटू दे त्यांची."
वाटलं, आता पान भिरकावतात. पण नाही. मग खिशातलं बंडल काढलं, वर माचिस, दोन्ही पानावर ठेवलं. "माझीपन नेऊ दे त्यांना." स्वतः शिडी चढून पत्र्यावर पान ठेवून आले. उतरल्यावर कितीतरी वेळ धापा टाकत होते. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. रडले थोडी.
कावळा लगेच आला. वडा नेला.

त्याच दिवशी, दिवे लागताना
मी पान उतरवायला गेले. खीर सांडलेली, माचिस तशीच. बंडल नाही.
कावळा बिडी नेतो का? की ह्यांनी... मी तासभर शेजारी गेले होते तेवढ्यात? विचारवत नाही. जे सांगतील त्याची भीती वाटते.
हे ओट्यावर बसलेत, पाठमोरे. धूर दिसत नाही. अंधारही पडलाय म्हणा.
माचिस पदराला गाठ मारून बांधलीय. हाक मारतायत, "अगो, काडी हाय का? देवाजवळ दिवा लावायचा हाय."