सलोमीबाईंसाठी प्रार्थना

रविवार, ९ मार्च

उपासनेनंतर चर्चच्या पंच कमिटीची मीटिंग. चहा गार, विषय गरम. नाताळाआधी आमच्या लेकीने, एस्तेरने, तरुण संघात त्या भविष्यातल्या शहराच्या वेबसिरीजबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा कमिटीतल्या थोरातसाहेबांनी "सैतानाचं काम आहे ते, खाली बस" म्हणून तिला गप्प केलं. तेव्हापासून तिने चर्चची पायरी चढलेली नाही. आता बाकीची पोरंही तीच सिरीज बघतात म्हटल्यावर कमिटीला जाग आली. ख्रिस्ती माणसाने ती बघावी की नाही, यावर कोणीतरी बोलायला हवं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याच घरातला प्रश्न आहे."

घरी येऊन ए.ला सांगितलं. "आधी बघा, मग बोला," एवढंच म्हणाली आणि ताट घेऊन खोलीत गेली. नाताळापासून तिचं जेवण तिथेच.

बुधवार, १२ मार्च

पहिला भाग. बेलापूरच्या ऑफिसातली सवय, कागदावर मधोमध रेघ मारून बसलो: अनुकूल, प्रतिकूल. प्रतिकूल बाजू भराभर भरली. शिव्या. रक्त. देवाचं नाव नाही. गोष्ट अशी की त्या शहरात कोणी कोणाबरोबर जेवायचं नाही. माणसं एकत्र बसली की बोलतात, बोलली की विचार करतात, म्हणून बंदी. भिंतीतल्या फटीतून प्रत्येकाचा डबा येतो, दार लावून खायचा.

जरा अतिच आहे, असं बायकोला, सुनीताला, म्हणालो. ती म्हणाली, "आपल्याकडे काय वेगळं चाललंय?" कमिटीत हिलाच घ्यायला हवं होतं.

मंगळवार, १८ मार्च

चार भाग झाले. लेंटच्या उपवासात मटण सुटलं, सिरीज सुटेना.

त्यात एक म्हातारी आहे, सलोमी. तिच्या मुलीला पकडून नेलंय. रोज आपल्या डब्यातलं अर्धं काढून ती दाराबाहेर ठेवते, मुलगी आली तर असू दे म्हणून. शेजारी चहाड्या करतात. बाईला खोकला लागलाय. त्या शहरात चूक एकदा झाली की झाली, माफी नावाची गोष्टच नाही. पाप मात्र इतकं नीट दाखवलंय की थोरातसाहेबांच्या उपासनेतल्या संदेशातही तेवढं कळत नाही. ही बाई कागदावर कुठल्या बाजूला लिहू?

ए. पाणी घ्यायला आली, पडद्यासमोर थांबली. "सलोमी आजी आहे ना अजून?" म्हटलं, आहे. गेली परत. पण थांबली होती.

बुधवार, २६ मार्च

फजिती.

घरभक्ती आमच्याकडे होती, सीवूड्सची सगळी मंडळी. ए. खोलीत, दार अर्धं उघडं. गाणी झाली. चर्चच्या पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कोणाकोणासाठी प्रार्थना करायची. कोणाचा गुडघा, कोणाची नोकरी, कोणाच्या मुलाचा व्हिसा. माझी पाळी आली. कालच्या भागात सलोमीला उचलून नेलेलं, तेच डोक्यात. तोंडातून निघून गेलं, "सलोमीबाईंसाठी. फार एकट्या आहेत. खोकला आहे. मुलगीही जवळ नाही."

नावच बायबलमधलं, त्यामुळे कोणाला शंका येईना. पाळकीणबाईंनी डोळे मिटून इतक्या कळकळीने प्रार्थना केली, की मलाच भरून आलं. आमेन झाल्यावर थोरातसाहेब विचारतात, "जासईच्या का त्या?" म्हणालो, "नाही, लांबच्या."

आतून हसणं. आधी दाबलेलं, मग दाबेना. ए. डोळे पुसत बाहेर आली. "पप्पा, ती टीव्हीतली आहे!"

शरमेने मेलो. पाळकसाहेब म्हणाले, "असू द्या. प्रार्थना वाया जात नाही." थोरातसाहेब सोडून सगळे हसले. किती महिन्यांनी पोरीचं हसू ऐकलं. फजिती झाली तरी आज मी खूश आहे.

रविवार, ६ एप्रिल

तरुण संघात बोललो. रेघ मारलेला कागद नेलाच नाही. म्हणालो, बघा. देवाला बाहेर काढलेलं जग कसं होईल ते त्यात आहे, आणि खोटं वाटत नाही. पण तिथे पडलेल्याला उठवणारं कोणी नाही, ते आपण विसरायचं नाही. आपण प्रभुभोजनाला एकाच भाकरीतला तुकडा घेतो, आणि ते शहर नेमकं त्यालाच घाबरतं.

थोरातसाहेब: "म्हणजे परवानगी?"

मी: "लहानांना नको. मोठ्यांनी बघावी, पण एकेकट्याने नाही. बरोबर बसून बघा, मग भांडा."

ए. आली नव्हती. घरी मात्र सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, ती आजी अर्धं जेवण बाहेर ठेवते, ते देवाचं नाव न घेता केलेलं प्रभुभोजनच नाही का? मी तेवढंच सांगत होते तेव्हा."

"मग उभी राहा परत, सांग."

ताट उचलून खोलीत गेली. तिचं बरोबर आहे बहुतेक. कमिटीत हे कसं सांगायचं...

शनिवार, १९ एप्रिल

उद्या ईस्टर, प्रभुभोजन. त्याआधी ज्याच्याशी अबोला असेल तो मिटवून यायचा, ही आमची रीत. संध्याकाळी थोरातसाहेबांचा फोन. चोरून तीन भाग बघितले म्हणे! "त्या सलोमीबाईंची मुलगी येते का हो शेवटी?" म्हटलं, एस्तेरला विचारा, आणि फोन तिच्या हातात दिला. तिकडून ते काय बोलले ऐकू आलं नाही. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मग, "ठीक आहे, अंकल."

नंतर शेवटचा भाग, तिघांनी मिळून. सलोमी सुटून येते, दाराबाहेर जेवण ठेवते, जिन्यात पावलं वाजतात आणि संपलं. मुलगी की शिपाई, दाखवलंच नाही. मी चिडलो. ए. म्हणाली, "मुलगीच असणार." मग ताट घेऊन आली आणि खोलीकडे न जाता टेबलावर बसली. सुनीता वाढत राहिली, जरा जास्तच.

उद्या येणार का, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पहाटेची उपासना आहे. खाली जाऊन गाडीच्या मागच्या सीटवरचं सामान तेवढं काढून ठेवलं.