अनुजाताईंना म्हटलेलं ‘नो वरीज’

शनिवार, १४ जून. क्वेकर्स हिल

सकाळी मी अनुजाताईंना ‘नो वरीज’ का म्हणाले?

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमासाठी कमिटीतर्फे मी वऱ्हाडी बोलीतला सिनेमा निवडला होता. सेक्रेटरी अनुजाताई फोनवर म्हणाल्या, “छान आहे गं, पण भाषा जरा गावठी. इथे परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या कानावर शुद्ध मराठी पडू दे.” आणि मी, घरातली पहिली पदवीधर, बोलीभाषांवर मोठमोठी भाषणं देणारी... ‘नो वरीज, दुसरा बघते’!

दुपारी हाउसमेट जिशाबरोबर मल्याळम सिनेमाला गेले. हॉल भरलेला, कितीतरी नर्सेस शिफ्टवरून थेट आलेल्या. पडद्यावर एक म्हातारा फणस फोडता फोडता बायकोवर करवादत होता. सबटायटल उमटायच्या आत सगळे हसले. जिशा तर डोळे पुसत होती. “अरे, ये तो हमारे जिले का बोलता है! बाकी लोगों को आधा ही समझता है.”

मग ते का हसतात, मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. “आदमी मजेदार है, इसलिए!”

माझे बाबा त्या म्हाताऱ्यासारखेच, आपल्या गावचं वऱ्हाडी बोलतात. मंडळात असताना त्यांचा फोन आला की मी बाहेर जाऊन बोलते, हेही आज लिहून ठेवते. म्हणजे अनुजाताईंच्या आधी मीच बाबांना गावठी ठरवलं होतं.

नो वरीज म्हणे!

आत्ताच मंडळाच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, बाबांच्या बोलीत: “शिनेमा थोच लागन. नाही त कमिटीतून माहं नाव काढा.”