सईबाईंचा आवाज, लॅपटॉपची डुलकी

९ जून, सोमवार
जिन्यातला दिवा आजपासून तीस सेकंदांत आपोआप विझतो. अण्णा नगरात मानवजातीवर याहून मोठा अन्याय झाला नसेल! दुसऱ्या मजल्यावर पोचते अन् अंधार. मग हातवारे करायचे, तेव्हा पेटणार. असोसिएशनचे सेक्रेटरी कृष्णस्वामी — खालीच राहतात, एन्नोरच्या वीजकेंद्रातून निवृत्त — म्हणतात, "वीज वाचते, मॅडम." आणि माझे गुडघे? 'दिव्यास श्रद्धांजली' लिहून खालच्या फळ्यावर टाचली. इंग्रजीत, म्हणजे त्यांनाही कळेल. सगळा जिना हसला.

१० जून
समोरच्या सईबाई, तंजावरच्या, वय ऐंशी. त्यांच्या आजीची अकरा मराठी पदं आता त्यांच्याशिवाय कुणाला येत नाहीत. सोमवारी घशाची शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचवू, आवाजाचं सांगता येत नाही." म्हणून माझ्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्यांचाच आवाज मोठा करून तिथल्या तिथे हेडफोनमधून ऐकवायचा. पहिलं पद — मध्येच कट्, कट्! चणे फुटावेत तसं. पद वाया.

११ जून
बफर वाढवला, म्हणजे लॅपटॉपला आवाज साठवायला जरा सवड दिली. कट्कट् गेली, पण आवाज कानात उशिरा पोचायला लागला. सईबाई स्वतःच्याच सुराची वाट बघत थांबल्या. ताल कोलमडला. हेडफोन काढून म्हणाल्या, "अय्यो! माझेंच गाणें शिळें करून मला कशास वाढतेस गे?"

१३ जून, शुक्रवार
सापडलं! वीज वाचवायला लॅपटॉप दोन सुरांच्या मध्ये डुलकी काढतो. जागा होईपर्यंत सूर निसटतो. वीजबचत बंद केली — तर तापून आतला पंखा असा घोंघावला की माईकमध्ये सईबाई कमी, एन्नोरची बस जास्त! आवाज नको म्हणून छताचा पंखा बंद ठेवून आम्ही दोघी घामाने निथळतोय, आणि हे साहेब वारा खातात! सईबाईंचा घसा बसला. पदं शून्य. रडणार होते, ओरडून भागवलं.

१४ जून
ओरडणं खाली ऐकू गेलं. कृष्णस्वामी दारात. श्रद्धांजलीचं नावही नाही. सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, संध्याकाळी मागणी वाढणार हे माहीत असलं, की आम्ही वीजकेंद्रातला संच बंद करत नसू. अर्ध्या भारावर फिरता ठेवायचो. गार बॉयलर पेटवायला तास जातात." सेटिंग उघडायला लावलं. प्रोसेसर किमान साठ टक्के, कमाल ऐंशी. झोपायचं नाही, धावायचंही नाही. बफर मधला. पहिलं पद — शेवटपर्यंत!
सईबाई: "सरी, ठीक! यंत्र शहाणें झालें."
आणि चार दिवस मी फुकट घालवले होते.

१५ जून
आज नऊ. एकूण दहा. मग घसा संपला. "अकरावें परतल्यावर गाईन गे."

१९ जून, गुरुवार
जीव वाचला. आवाज गेला.
इस्पितळात त्यांना हेडफोन लावून दिला. दहावं पद संपलं, तरी ओठ हलत राहिले.
घरी येताना फळ्यावरची श्रद्धांजली काढली. टाचण्यांसकट.