तक्रार बंद, विद्यार्थी समाधानी

१९ जून, गुरुवार

ताईचा निकाल लागला. ओटीपी माझ्याच फोनवर येतो. फर्स्ट इयरला फॉर्म भरला तेव्हा घरात हा एकच फोन होता. आता ताईकडे तिचा आहे, पण सिल्व्हर पार्कच्या ज्या मेडिकलमध्ये ती कामाला आहे तिथला मालक फोन ड्रॉवरमध्ये टाकायला लावतो. म्हणून बघायचं मीच.

सगळे विषय पास. ऑडिटिंगपुढे अ‍ॅब्सेंट. खाली लाल अक्षरात नापास.

परत बघितलं. परत तेच.

दुपारी जेवायच्या सुट्टीत तिचा फोन. "सांग." माझ्या तोंडातून निघेना. "अगं सांग ना, मुकी झालीस काय?" सांगितलं.  मग बोलली, "तू सीट नंबर चुकवलास." नव्हता चुकवला.

२० जून, शुक्रवार

ताई पेपरला होती. मला माहितीय, मी सोबत गेले होते. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून आई बोलली एकटीला सोडू नको. मी गेटबाहेर उसाच्या रसवाल्याच्या बाजूला तीन तास उभी. ताईची बॅग मांजरीच्या पिल्लासारखी पोटाशी धरलेली. रसवाला बोलला, "बैठ जा बेटी." नाही बसले. बसलं की लोक बघतात असं वाटतं. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाई होती. मग अ‍ॅब्सेंट कशी?

कॉलेजवाले बोलले, विद्यापीठाला विचारा. विद्यापीठाची खिडकी बंद झालीय. आता सगळं नवीन सेवा पोर्टलवर. उघडलं की वरती लिहून येतं, आता रांग नाही. खरं सांगू तर मला बरंच वाटलं. बोलायचं नाही, नुसतं लिहायचं. ते मला जमतं.

तक्रार टाकली. ताईने सांगितलं तशीच.

मीरा रोडच्या ऑफिसात ताईचं सिलेक्शन झालंय, अकाउंट्समध्ये. २५ जुलैपर्यंत मार्कशीट दिली की जॉइन. तिकडे खुर्ची आहे. मेडिकलमध्ये नऊ तास उभं राहून तिचे पाय संध्याकाळी चपलेत मावत नाहीत.

२४ जून, मंगळवार

उत्तर नाही.

भावनाबेन माल घेऊन आल्या. त्यांच्याकडून इमिटेशनचं काम येतं, कानातल्यांना खडे चिकटवायचे. आईला बोलल्या, "तेरी छोटी बोलती नहीं, पर हाथ एकदम सफाईवाला." आई बोलली, "हां, बोलने का सब बड़ी को दे दिया." दोघी हसल्या. मी खडे मोजत बसले.

आई पोळ्यांची कामं करते, तिला पोर्टल वगैरे कळत नाही. पण रोज आल्यावर विचारते, "आलं का गं त्यांचं?" पाव्हणे यायचेत असं.

२७ जून, शुक्रवार

आलं!!

"आदरणीय विद्यार्थी, आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. धन्यवाद. सेवा प्रतिनिधी श्रुती." आम्हाला आदरणीय कोण बोलतं कधी.

खाली पाच स्टार. पाच दाबले. आमच्याकडे पाचच दाबतात. गॅसवाले काका एकदा तीन मजले सिलेंडर चढवून आले, दारात धापा टाकत हात जोडून बोलले, "बेटा पाच दाबा हां, कमी आले की वरून ओरडा पडतो." आईने तेव्हाच सांगितलंय, कुणाच्या पोटावर पाय नको. तेव्हापासून पार्सलवाला असो, रिक्षावाला असो, पाच.

शेरा लिहायला पण जागा होती. लिहिलं, धन्यवाद मॅडम, तब्येत सांभाळा.

आईने शिरा केला.

२८ जून, शनिवार

निकाल उघडला. अ‍ॅब्सेंट.

ताई बोलली, अपडेट व्हायला वेळ लागत असेल. चेहरा पडला होता पण. शिरा उरलेला तिने खाल्ला नाही.

३० जून, सोमवार

अजून तसंच. जुनी तक्रार उघडतच नाही, नुसतं बंद दिसतं. दुसरी टाकली. यावेळी जास्त लिहिलं, ताप होता ते पण. हॉल तिकिटावर सुपरवायझरची सही आहे, त्याचा फोटो जोडला. फोटो मोठा आहे बोलले. छोटा केला तर सही दिसेना. मधला केला. घेतला.

हेल्पलाइनचा नंबर पण आहे. ताई बोलली, "लाव ना फोन, दिवसभर घरी तर असतेस." लावला. समोरून "नमस्कार" आलं आणि मी कट केला.

असंच व्हायचं. नववीत बाई बोलायच्या, उभी राहून वाच, आणि अख्खा वर्ग वाट बघायचा. मला वाचता यायचं. आवाज यायचा नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी पण नाही, मग नाव कमी झालं. माझं सुटलं ते सुटलं. ताईचं व्हायलाच पाहिजे.

तिला सांगितलं, लाइन बिझी होती.

४ जुलै, शुक्रवार

परत निराकरण. परत श्रुती मॅडम. परत आदरणीय. आधी निकाल बघितला. अ‍ॅब्सेंट.

तरी पाच दिले. तिने काहीतरी केलंच असेल ना. तिची काय चूक. शेऱ्यात लिहिलं, मॅडम अजून दिसत नाही पण धन्यवाद.

तिसरी टाकली.

८ जुलै, मंगळवार

उ. ना. (उत्तर नाही. रोज लिहून हात दुखतो.)

पोर्टलवर आता बोलणारी बाहुली आलीय, कोपऱ्यात हात हलवते. विचारलं, पेपर दिला तरी अ‍ॅब्सेंट का. तिने परीक्षेला गैरहजर राहिल्यास काय नियम आहेत ते सांगितलं. परत विचारलं. परत तेच. मग विचारते, मी तुमची मदत करू शकले का? हो दाबलं. बाहुलीला पण "नाही" बोलता येत नाही मला.

११ जुलै, शुक्रवार

निराकरण. श्रुती. अ‍ॅब्सेंट. पाच.

ताईला यातलं पाच सोडून बाकी सगळं सांगितलं. पाचचं कशाला सांगायचं, त्यात काय आहे.

ताई बोलली मंगळवारी हाफ डे घेते, स्वतः जाऊ. "तू पण चल, पोर्टलचं तुलाच माहितीय." 

१५ जुलै, मंगळवार

 आजचं सगळं लिहिते.

काशिमिऱ्याहून बस. चेणे गावापर्यंत ठीक, पुढे घोडबंदर रोडला ट्रॅफिक. ताईने फाइल मांडीवर ठेवलेली, वरून ओढणी.

विद्यापीठाच्या सेवा केंद्राच्या दारात मोठा बॅनर. आमची सेवा सुधारली, विद्यार्थी समाधानी. एका हसऱ्या मुलीचा फोटो. आत एसी. एक सर काउंटरला, मागे काचेपलीकडे हेडफोन लावलेली पोरंपोरी.

सर बोलले, "इथे तक्रार घेत नाही. ऑनलाइन टाका."

ताई बोलली, "टाकलीय सर. तीनदा."

सरांनी नंबर घेतला, बघितलं आणि हसले. रागाने नाही, खरंच खूष होऊन हसले. "अहो, तिन्ही बंद आहेत. तुम्हीच समाधानी आहात की. पाच, पाच, पाच. वर तब्येत सांभाळा पण लिहिलंय."

"मी? मी कधी?"

सरांनी स्क्रीन फिरवली. "पाच आले की सिस्टिम कायमची बंद करते. विद्यार्थी समाधानी म्हटल्यावर आम्ही परत कशाला उघडणार?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी फरशी बघत होते. फरशीला बारीक काळे ठिपके होते.

"तू दिलेस?"

मान हलवली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सरांना बोलली, "सर, लहान आहे ती, तिला माहीत नव्हतं." मी सतरा वर्षांची आहे.

सर बोलले, "मग नवीन टाका."

ताई कॉलेजला फोन लावायला बाहेर गेली. मी पाणी प्यायला कूलरजवळ. काचेमागून एक मुलगी आली, हेडफोन गळ्यात. ताईएवढीच असेल. बोलली, "तूच का ती, तब्येत सांभाळा वाली?" श्रुती मॅडम. मॅडम कसली, माझ्यासारखेच खांदे.

बोलली, "आम्हाला शिव्याच येतात गं. तुझं वाचून मी मैत्रिणीला दाखवलं होतं."

मी विचारलं. मी! विचारलं की मग निकाल का नाही बदलला. ती बोलली तिला निकाल दिसतच नाही. ती फक्त पुढे पाठवते. पुढचे उघडतात का ते पण तिला दिसत नाही. आणि आठवड्यात बंद केलं नाही तर तिच्या नावापुढे लाल येतं. "सेंटरचं हजेरीचं पान स्कॅन करताना राहिलं असणार. नेहमीचंय. कोणीतरी मोठ्याने ते पान मागवायला पाहिजे, बस."

"मग काय करू?"

इकडेतिकडे बघून बोलली, "एक स्टार दे. एक आला की बंद होत नाही, वर जातं. वरून फोन येतो."

"आणि तुम्हाला?"

"माझं मी बघते." बाटली भरून घेतली. जाताना बोलली, "आधीच एक-दोन लाल आलेत म्हणा."

बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून. गोडदेवला उतरल्यावर फक्त एवढं बोलली, "मला विचारायचं तरी."

१६ जुलै, बुधवार

चौथी टाकली. ताई समोर बसली होती, एकेक शब्द वाचला. ओटीपी मी वाचून दाखवला, तिने टाकला. 

आई ताईला बोलली, "अगं चांगुलपणानेच केलं ना तिने." ताई बोलली, "चांगुलपणाची मार्कशीट देतात का?"

खरंय.

दिवसभर प्रार्थना, ही श्रुतीकडे जाऊ नको देऊस. दुसऱ्या कुणाकडे जाऊ दे.

१८ जुलै, शुक्रवार

पोहोच आली. प्रतिनिधी श्रुती. एका विद्यार्थ्याला एकच प्रतिनिधी, अशी पण सुधारणा केलीय म्हणे.

२० जुलै, रविवार

ताईचे पाय गरम पाण्यात. मी मीठ टाकलं. तिने पाय काढले नाहीत, म्हणजे थोडं बरं आहे. हळूच बोलली, "गॅसवाल्याला पाच, बाहुलीला हो, विद्यापीठाला पाच. उद्या चोर आला तर त्याला पण देशील." मग हसली. मला रडायला आलं. बोलली, "ए, नाटक नको. अंगठा दाब इथे."

श्रुतीचं तिला सांगितलं तेव्हा. तिने विचारलं, "तिचं घर चालत असेल त्याच्यावर?" मला माहीत नाही. विचारलं नाही मी.

२३ जुलै, बुधवार

निराकरण आलं. आदरणीय विद्यार्थी. अ‍ॅब्सेंट.

ताई मेडिकलमध्ये. आई कामावर. घरात मी आणि कानातले.

पाचही स्टार रिकामे. पहिल्यावर बोट नेलं, काढलं. चहा केला. परत नेलं. भावनाबेन आल्या, "हो गया क्या माल?" "नाही" बोलले. पहिल्यांदा कुणाला सरळ "नाही" बोलले, ते पण भावनाबेनना.

एक दाबला.

लगेच विचारतं, या प्रतिनिधीबद्दल असमाधानी का आहात? कारण निवडा. उद्धट बोलणे. उशीर. अपुरी माहिती. इतर. इतर निवडलं. लिहिलं, मॅडमची चूक नाही, त्या चांगल्या आहेत, हजेरीचं पान राहिलंय, कृपया त्यांना काही क. एवढ्यातच जागा संपली. पाठवा दाबायच्या आधी खोडून परत लिहावं म्हटलं तर आपोआप गेलं.

आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे.

प्रतिनिधीच्या जागी आता काहीच नाव नाही. रेघ आहे नुसती.

२४ जुलै, गुरुवार

फोन आला नाही. फोन मांडीवर ठेवून खडे लावले. दोन कानातले उलटे झाले.

ताई जेवायच्या सुट्टीत मीरा रोडच्या ऑफिसला जाऊन आली. ते बोलले उद्या सहापर्यंत विद्यापीठाचा एक मेल जरी आला तरी चालेल, मार्कशीट नंतर. नाहीतर दुसरी मुलगी आहे यादीत. ताई खुर्ची बघून आली. बोलली, फिरणारी आहे.

मी शंभर वेळा ती रेघ बघितली. तक्रार वरिष्ठांकडे दिसते, श्रुती कुठेच दिसत नाही.

२५ जुलै, शुक्रवार

तीन वाजून दहा. फोन वाजला. लँडलाइन नंबर, हेल्पलाइनचा. तोच.

दोन रिंग गेल्या. तिसऱ्याला उचलला.

पुरुषाचा आवाज. "वैशाली?"

"नाही. बहीण."

"विद्यार्थ्याशीच बोलावं लागेल."

"ती कामावर आहे. फोन ड्रॉवरमध्ये आहे तिचा. ती पेपरला होती."

"काय?"

परत बोलले. मोठ्याने. "पेपरला होती. मी बाहेर उभी होते. तीन तास. तिच्या बोटाला शाई होती. हजेरीचं पान स्कॅन करायचं राहिलंय. ते मागवा." इतकं सलग मी नववीपासून कुणाशी बोलले नसेन. शेजारची दार उघडून बघायला आली.

 मग कागदाचा आवाज. "सेंटर कुठलं?" सांगितलं. "ब्लॉक?" सांगितलं, हॉल तिकीट भिंतीला टाचणीने लावून ठेवलंय. मग मी विचारलं, श्रुती मॅडम आहेत का. तो बोलला, "कोण श्रुती?"

मग बोलला, "होल्ड करा."

करतेय.

पावणेचार. एकच धून, संपली की परत पहिल्यापासून. बॅटरी कमी होती म्हणून चार्जरला लावलाय, वायर तोकडी, बसता येत नाही. बोर्डाजवळ उभी राहून भिंतीवर वही टेकवून लिहितेय.

मधे ताईचा कॉल वेटिंगला आला, मालकाकडून फोन मागून घेतला असेल. नाही घेतला. हे तुटलं तर. परत आला. नाही घेतला.

चार वीस. आई आली, दारातूनच विचारलं, "आलं का गं त्यांचं?" तोंडावर बोट ठेवलं. ती चपला हातात घेऊन आत गेली.

धून थांबली. कुणीतरी खोकलं. मी हॅलो बोलले. परत बोलले.

परत धून.