पोहणाऱ्यांच्या यादीतलं नाव

पिंपळे गुरव,
दि. ४ मे २०२५

चि. कशफ हिस,
अन्वरमामूकडून खूप साऱ्या दुआ. वि. वि.

आम्ही दोघं मजेत आहोत. तू मारुंजीच्या त्या भाड्याच्या खोलीत वेळेवर जेवतेस की नाही, असं तुझी शमीममुमानी विचारते आहे. पत्र पाहून हसू नकोस. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय तुमच्या नोटिशीतच छापलंय की हरकती लेखी द्याव्यात. तेव्हा ही माझी लेखी हरकत.

परवा गल्लीच्या तोंडाशी तुमच्या पालिकेच्या आपत्ती कक्षानं पूर आराखड्याचा कच्चा मसुदा लावला. लोक वाचायला जमले, मीही गेलो. 'पट्टीचे पोहणारे' या मथळ्याखाली एकच नाव होतं: अन्वर शेख, वय ५८, गॅरेजवाले. खाली माहिती गोळा करणारीचं नाव, म्हणजे तुझं. शेजारच्या विलासनं सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला की आता त्याच्या आईची, चतुराबाईंची काळजी मिटली.

ईदला शीरखुर्मा पिता पिता तू माझ्याकडून २००५ च्या पुराची गोष्ट पुन्हा एकदा काढून घेतलीस. ती तू सरकारदरबारी जमा करशील हे मला काय ठाऊक? शमीम नदीत पडली आणि मी उडी मारून तिला काढलं, ही घरातली गोष्ट आहे बेटा. ती जेवण झाल्यावर पाय पसरून सांगायची असते, आराखड्यात घालायची नसते.

त्यातून माझा गुडघा. डॉक्टरांनी जिना कमी चढा म्हणून सांगितलंय. नदीबद्दल ते काही बोलले नाहीत, पण त्यांचं मत मी ओळखून आहे. तरी माझं नाव तिथून काढून चहापाण्याच्या व्यवस्थेत टाक. तिथे मी कमी पडणार नाही.

मामूवरचा लोभ हरकतीमुळे आटू देऊ नकोस.
तुझा,
अन्वरमामू


मारुंजी,
दि. ११ मे २०२५

ती. अन्वरमामू यांस,
कशफचा सलाम. वि. वि.

पंधरा किलोमीटर यायला तुमच्या पत्राला पाच दिवस लागले. इथल्या ट्रॅफिकची सवय असल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

हरकत फेटाळली आहे. गुडघ्याचं कारण चालणार नाही, कारण ईदला सगळ्यांच्या आधी गच्चीवर पोहोचलेला माणूस मी या डोळ्यांनी पाहिला. आणि चहापाण्याच्या रकान्यात आधीच अकरा जण आहेत. तिथे नेहमीच गर्दी असते.

आता थोडं गंभीरपणे. यंदा आमच्या साहेबांनी ठरवलंय की आपत्तीची फाइल कपाटात वेगळी ठेवायची नाही. प्रभागात रस्ता, गटार, शाळा, जे काही काम निघेल, त्याच्या कागदावर आधी लिहायचं की इथे पाणी पहिल्यांदा कुठे शिरतं आणि कोण अडकतं. म्हणून तर मी घरोघर फिरले. तुमच्या गल्लीत तळमजल्यावर सहा माणसं अशी आहेत की जी आपल्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत. चतुराबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. विलासची चाकणला पहिली शिफ्ट, आणि पाऊस लागला की तिकडून घरी पोहोचायला त्याला संध्याकाळ होते. या सहाजणांपुढे 'कोण बाहेर काढणार' असा रकाना आहे आणि त्यात तुम्ही आहात. तुम्हाला काढलं तर तो रकाना कोरा राहतो. पोहणारं दुसरं कुणी मला सापडलं नाही.

तेव्हा मामू, नाव काढायचंच असेल तर कारण खरं लिहा. मुदत तीन जूनपर्यंत आहे. मुमानींना सांगा की मी जेवते, आणि डब्यात भाकरीही असते.

रागावलात तरी चालेल, पण माझ्यावरची माया कमी करू नका.
आपली,
कशफ


पिंपळे गुरव,
दि. १८ मे २०२५

चि. कशफ हिस,
दुआ. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच आणि वाचून झाल्यावर फाडून टाक.

मला पोहता येत नाही. लिहिलं एकदाचं.

गॅरेज तेव्हा नदीकाठी होतं, तुला आठवत नसेल. पाणी चढत होतं आणि मी आत ठेवलेला नवा कंप्रेसर आणायला गेलो. शमीम ओरडून नको म्हणत होती. पाय घसरला, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी काठावर पडलो होतो आणि माझी कॉलर शमीमच्या मुठीत होती. तिचे वडील कोकणात खाडीवर होडी चालवायचे. ती पोरगी चालायच्या आधी पोहायला शिकली असावी.

लोक धावत आले तेव्हा आम्ही दोघंही चिंब. कुणीतरी म्हणालं की अन्वरनं बायकोला वाचवलं. मी तोंड उघडलं ते फक्त खोकायला, आणि माझा खोकला थांबेपर्यंत गोष्ट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. शमीम काही बोलली नाही, मग मीही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे दर वर्षी मी नदीचं पाणी थोडं थोडं वाढवत नेलं, एवढाच माझा पराक्रम.

पण आता चतुराबाई सकाळी दारात खुर्ची टाकून बसतात आणि मी दिसलो की हात वर करतात. परवा मला म्हणाल्या, "आता पावसाचं भ्या न्हाई बाबा, तू हायेस." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कशफ, मला लाज वाटते. पण त्या बाईच्या जिवापेक्षा माझी लाज मोठी नाही, तेव्हा माझं नाव काढ. फक्त का काढलंस ते गल्लीत कळू देऊ नकोस.

एवढी इज्जत राखलीस तर आमचा लोभ दुपटीनं तुझ्याकडे.
तुझा,
अन्वरमामू


मारुंजी,
दि. २४ मे २०२५

ती. शमीममुमानी यांस,
कशफचा सलाम. वि. वि.

मामूंचं एक पत्र आलंय. त्यात काय आहे ते कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. पण ज्या मुठीत त्यांची कॉलर होती तिच्यापासून ते काय लपवायचं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी माझी गत झाली. चूक माझीच आहे. ईदला मी मामूंना प्रश्न विचारत होते आणि तुम्ही माझी वाटी पुन्हा पुन्हा भरत होता. तुमच्याकडे मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बारा गल्ल्या हिंडले, पण तुम्हाला पोहता येतं का, असं एकाही बाईला विचारलं नाही. लहानपणापासून मी ती गोष्ट मैत्रिणींना सांगत आले आणि तुम्ही प्रत्येक वेळी शेजारी बसून ऐकत होता. मुमानी, तुम्हाला राग कसा आला नाही?

आता मला ते दुरुस्त करू द्या. मामूंचं नाव खोडून तिथे तुमचं घालते. मामूंची समजूत मी काढीन. तुमचा फक्त होकार कळवा.

जी माया वाटीतून देता ती दोन ओळी लिहूनही द्यावी.
आपली,
कशफ


पिंपळे गुरव,
दि. २९ मे २०२५

चि. कशफ हिस,
शमीममुमानीकडून दुआ. वि. वि.

तुझे मामू गॅरेजला गेल्यावर लिहायला बसले आहे. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

माझं नाव घालू नकोस. मी रागावलेली नाही, कधीच नव्हते. मी गप्प का राहिले ते तुला सांगते, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

त्या दिवशी पाण्यात दोघं गेले होते. शेजारच्या लाकडाच्या वखारीचा रखवालदार ज्ञानदेव तुझ्या मामूंना धरायला धावला आणि त्यांच्या मागोमाग तोही घसरला. मामूंची पाठ होती, त्यांना तो दिसलाच नाही. मी उडी मारली तेव्हा एका अंगाला मामू आणि दुसऱ्या अंगाला ज्ञानदेव. हात दोन असले तरी दोन माणसं आणता येत नाहीत, एक हात पाणी कापायला लागतो. मी माझा माणूस धरला. ज्ञानदेव माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी तो खाली दापोडीच्या बाजूला सापडला. पुरात त्याचाही जीव गेला एवढंच मामूंना माहीत आहे.

म्हणून लोकांनी ती गोष्ट मामूंच्या नावावर केली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. माझ्या नावावर असती तर कुणी ना कुणी विचारलं असतं की दुसऱ्याला का नाही काढलंस.

आता तू सहा माणसांपुढे माझं एकटीचं नाव लिहिणार. त्या सहांतलं कुणाला धरू, तेही लिहून देशील का? पोहणाऱ्याला हाक मारायची पाळी येते तेव्हा उशीर झालेलाच असतो. त्या रकान्यात नाव नको, वेळ लिही. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की तीन तासांच्या आत चतुराबाई चढावरच्या शाळेत पोहोचल्या पाहिजेत. शाळेची किल्ली शिपायाकडे असते आणि तो राहतो चिंचवडला, तेव्हा दुसरी किल्ली गल्लीत ठेवा. गल्लीतले ब्लॉक बदलायचं काम निघालंय, ते राहू दे. त्या पैशांत शाळेच्या पायऱ्यांशेजारी उतार करा, म्हणजे खुर्ची ढकलत नेता येईल. आणि दारोदार ओरडून सांगायला मोठ्या आवाजाचा माणूस लागेल. तो माझ्या घरात आहे.

ही माझी हरकत समज, किंवा सूचना. मामूंना मी आपणहून सांगेन, तू घाई करू नकोस.

मनात काही धरू नकोस, आणि लोभाला जागा ठेव.
तुझी,
शमीममुमानी


पिंपळे गुरव,
दि. २७ ऑगस्ट २०२५

चि. कशफ हिस,
मामूकडून पोटभर दुआ. वि. वि.

पुराच्या दिवशी तू कक्षात अडकलेली, म्हणून सगळं लिहून कळवतो. निरोप सकाळी साडेआठला आला. पक्क्या आराखड्यात माझ्यापुढे 'हाळी देणे' असं काम लिहिलंय. ते मी असं केलं की पलीकडच्या गल्लीतली माणसंही पिशव्या भरून बाहेर आली. त्यांना परत पाठवायला अर्धा तास गेला. विलास पहाटेच चाकणला गेला होता. चतुराबाईंनी भांडी घासून पालथी घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही असं जाहीर केलं, तेव्हा शमीमनं ती घासली. मग त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आम्ही निघालो. नव्या उतारावर त्या एकदाच म्हणाल्या की हळू चालव, मी काय गॅरेजची गाडी हाय का. साडेअकराच्या आत सहाही जण शाळेत होते. पाणी गल्लीत शिरलं चार वाजता, आणि खिडक्यांना लागलं.

शाळेत शमीम माणसं मोजत होती. सहा झाली. पुन्हा मोजली, मग आणखी एकदा. मी चेष्टा केली की गणित कच्चं आहे का. तेव्हा तिथेच, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर बसून, तिनं मला ज्ञानदेवचं सांगितलं. तुला ते आधी कळलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्ञानदेव मला धरायला आला होता, कशफ. वीस वर्षं मी जेवणानंतर ती गोष्ट रंगवत होतो आणि ती दर वेळी हे मनात घेऊन शेजारी बसलेली असायची. मला रडू आलं. चतुराबाईंनी मला पाणी दिलं आणि का रडतो ते विचारलं नाही.

काल चहाच्या टपरीवर एकानं मला विचारलं की मामू, यंदा पुरात काय केलंत. मी सांगितलं की सकाळी माणसं वर नेली, पाणी आलं तेव्हा खाली कुणी नव्हतं. तो पुढचं ऐकायला थांबला होता. पुढचं काही नव्हतं. त्याला गोष्ट आवडली नाही. शमीम बाजूच्या गाडीवर कोथिंबीर घेत उभी होती, तिनं घरी गेल्यावर मला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

येत जा. तुझ्या येण्यातच आमचा लोभ आहे.
तुझा,
अन्वरमामू