मोहरी मागणारी माता

सारनाथ

प्रिय सुमन,

मंगल मैत्रीसह जयभीम. वरठीहून निघालो तो सुखरूप पोहोचलो. गुडघे थोडे कुरकुरतात, पण काळजी करू नकोस. आसगावी धान कापून झाले का?

येथील बागेत, मेलेले बाळ जगावे म्हणून, जिथे कुणीच मेले नाही अशा घरची मोहरी दारोदार मागणाऱ्या त्या मातेचे शिल्प आहे. फार सुंदर! बाळाची मान कलंडू नये म्हणून तिने खाली तळहात धरला आहे.

आपली मनाली गेली तेव्हा मी तुला हीच कथा ऐकवली होती. तू म्हणालीस, "कथा राहू द्या जी, पोरीले थंडी लागन, चादर द्या." मी मात्र अनित्यतेवर बोलतच राहिलो. आज त्या तळहातापुढे मला रडू आवरले नाही.

मला क्षमा कर. परतल्यावर तू मनालीविषयी बोल. मी केवळ ऐकेन.

तुझाच,
बाबुलाल