शालवालीपुढे माझी नात

२ मार्च
नात चष्मा विसरली म्हणून तिच्या वकिलीच्या ऑफिसात गेले. काचेपलीकडे बसली होती, समोर जबानी द्यायला आलेली ती शालवाली म्हातारी. तिचा मुलगा पोलिसांनी घरातून उचलून नेला, तो परत आलाच नाही. म्हातारी एक वाक्य बोलते, मग गप्प. आणि माझी नात तिच्या तोंडाकडे बघत बसलेली — घाई नाही, मोबाइल नाही. मी घरी तोंड उघडलं की म्हणते, आजी, थोडक्यात सांग.

वर म्हातारी तिला "पोरी" म्हणते. वाढवली मी, आणि पोरी म्हणणार ही! चष्मा शिपायाच्या हातात कोंबला आणि निघाले.

३ मार्च
शालवालीचे गुडघे दुखतात म्हणे, नात हळहळत होती. मला काय पंख आहेत?

७ मार्च
आज विचारलंच. माझा धाकटा, हिचा सख्खा काका, शालवालीच्या मुलाबरोबर त्याच रात्री त्याच गाडीतून नेला. त्याचं का नाही लिहून घेत?

म्हणाली, घरच्या माणसाची जबानी तिला घेता येत नाही, दुसरा वकील घेईल. पण काकाचं नाव त्या परदेशातल्या मोठ्या कोर्टात गेलं, की तिला अख्ख्या खटल्यातून बाजूला व्हावं लागणार. नाहीतर सरकारचे वकील ओरडतील, ही घरचा सूड घ्यायला आली म्हणून.

"तू म्हणशील तसं, आजी."

म्हटलं, हो मग बाजूला. शालवालीचं तोंड बघायचं होतं मला.

१२ मार्च
दिली जबानी. दाढीवाला वकील आला होता. पोलिसांनीच मारलं म्हणून लिही म्हटलं, तर म्हणतो, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा. काय पाहिलं? धाकट्याला चपला घालू दिल्या नाहीत. दार उघडंच राहिलं. इतकी वर्षं छातीत कोंडलेलं, चहा निवायच्या आत संपलं.

कागद टाइप झाला की सही करायची.

१४ मार्च
नात खटला सोडून घरी. शेजारी बसून जेवली, मी बोलले ते सगळं ऐकलं. पण नजर दाराकडे. जिंकले म्हणायचं का याला?

१७ मार्च
सहीसाठी गेले. बाहेर बाकावर शालवाली. मी कोण, तिला ठाऊक नाही. स्वतःच बोलायला लागली — दाढीवाल्यापुढे जीभच उचलत नाही. पोरीपुढे निम्मं सांगून झालं होतं, गाडीतल्या साहेबाच्या चेहऱ्यापर्यंत आली होती. तो चेहरा या शालवालीशिवाय कुणीच पाहिलेला नाही.

"पोरगी का गेली हो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "घरी एक खाष्ट म्हातारी आहे म्हणतात. सोडत नाही तिला."

"मग तिचंही कुणीतरी नेलं असेल," शालवाली म्हणाली.



१८ मार्च
सही केली नाही. कागद माझ्यादेखत फाडायला लावला. नात सकाळीच परत कामावर गेली.

गाडी तीच, साहेब तोच. शालवाली बोलेल त्यात माझा धाकटाही येईल, नाव न घेता. मेली नीट बोलू दे म्हणजे झालं.